न्यूमोनियाची लस: उपकेंद्रावर घ्यायची की खाजगी दवाखान्यात?

बाळ दीड महिन्याचं झालं की घरात हा प्रश्न निघतोच. पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) उपकेंद्रावर फुकट मिळते, मग दवाखान्यात एका डोसाला साडेतीन-चार हजार का मोजायचे?

सरकारी कार्यक्रमात पुण्याच्या सीरमची न्यूमोसिल असते. तिच्यात न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूचे १० प्रकार आहेत. खाजगीत बरेचदा प्रिव्हेनार १३ देतात. न्यूमोसिलमधले दहाच्या दहा प्रकार तिच्यातही आहेत. जास्तीचे फक्त ३, ४ आणि १८सी या क्रमांकांचे प्रकार. त्यातही ३ क्रमांकावर तिचा प्रभाव जेमतेमच. आपल्याकडच्या मुलांत वरचेवर सापडणारे १४, १, ५ आणि १९एफ दोन्हींत आहेत. म्हणजे जादा पैसे जातात ते मुख्यतः दोन प्रकारांसाठी. धडधाकट बाळासाठी आमचं मत सरळ आहे: उपकेंद्र पुरेसं आहे, पण तिन्ही डोस वेळेवर झाले तर.

घोळ होतो तो तिथेच. सरकारी डोस दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर असे तीन. अडीच महिन्यांच्या फेरीला पीसीव्ही नसते, त्यामुळे 'या वेळी टोचली नाही' म्हणून घाबरू नका. नववा महिना मात्र घरोघरी 'गोवराची लस' म्हणूनच लक्षात असतो आणि पीसीव्हीचा बूस्टर राहून जातो. वाढदिवसाआधी एकही डोस झाला नसेल, तर सरकारी कार्यक्रमात ही लस नंतर सुरू होत नाही. खाजगीत दीड, अडीच, साडेतीन महिने आणि १२ ते १५ महिन्यांत बूस्टर, असे चार डोस.

सुया मोजल्या तर खाजगी सोपं. उपकेंद्रावर दीड महिन्याला तीन टोचण्या होतात: डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडात पोलिओ. दवाखान्यात सहा-इन-वन (पेंटा आणि पोलिओ एकाच सुईत) घेतली तर दोनच.

लस मेडिकलमधून आणून डॉक्टरांकडे न्यायची असेल, तर ती थेट बर्फावर ठेवू नका. तिला २ ते ८ अंश लागतात. गोठलेली लस वरून ठीक दिसली तरी निकामी. उपकेंद्रावर कुपीवरचा चौकोन (लसीला उष्णता लागली का हे दाखवणारी खूण) बघा: तो भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका हवा.

सिकलसेल असलेलं बाळ (नंदुरबार, गडचिरोलीकडे हे नवं नाही), प्लीहा नसलेलं किंवा एचआयव्हीबाधित बाळ यांचा हिशेब वेगळा. त्यांना सुरुवातीचे तीन डोस आणि बूस्टर हवेत. शिवाय दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, शेवटच्या पीसीव्हीनंतर किमान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड लस. ती दोन वर्षांच्या आत देऊन उपयोग नाही, त्या वयाचं शरीर तिला नीट दाद देत नाही.

मध्येच गाव बदललं तर शक्यतो तोच ब्रँड पुढे चालवा; नसेल मिळत तर दुसरा चालतो, डोस चुकवू नका. कार्डावर नुसतं 'पीसीव्ही' नको, ब्रँड आणि बॅच क्रमांकही लिहून घ्या.