ताईच्या लग्नाच्या तीन सीड्या घरीच एका डीव्हीडीवर घेतल्या, डीव्हीडीस्टायलर नावाचं सॉफ्टवेअर लई कामाचं निघालं

ताईचं लग्न 2005 चं, गावात दारातच मांडव घालून झालेलं. शूटिंगवाल्यानं तेव्हा तीन व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीड्या, करून दिल्या होत्या, एक हळदीची, एक लग्नाची आणि एक पंगती अन् पाठवणीची. आण्णांकडं डीव्हीडी प्लेअर अजून चालू आहे, त्यांना पेन ड्राइव्ह वगैरे जमत नाही, रिमोट दाबला की टीव्हीवर दिसलं पाहिजे एवढंच. दिवाळीत सगळे जमल्यावर हळदीची सीडी लावली तर मधीच अडकायली, चौकोन चौकोन यायले आणि पुढं सरकंनाच. त्या सीडीत आमची मोठी माय आहे, जात्यापाशी बसून हळद दळता दळता गाणं म्हणायली, तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही आमच्याकडं, म्हणून मी तिन्ही सीड्या उचलून लातूरला घेऊन आलो.

आधी एका दुकानात विचारलं तर ते म्हणले एका सीडीचे पाचशे, एचडी करून देतो. एचडी होत नाही हो! व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 चं असतंय, जे शूट होऊन दाबून भरलंय तेवढंच त्यात आहे, मोठं केलं तर नुसतं पसरतं, चेहरे काही साफ होत नाहीत. आणि चरे पडलेल्या सीडीला हे लोक एकदा लावून बघणार, नाही चालली की बाजूला ठेवणार, त्यांनी तासभर तिच्यामागं का बसावं? म्हणून दीड हजारात यूएसबीला लावायचा डीव्हीडी रायटर आणला आणि स्वतःच बसलो.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर जिकडं तिकडं कन्व्हर्ट करा, कन्व्हर्ट करा सांगतेत, मीपण आधी एक कन्व्हर्टर टाकलं, त्यानं एका सीडीला दोन तास घेतले आणि वर बरोबर मधोमध स्वतःचा शिक्का मारून दिला. नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की चित्र बदलायची गरजच नाही. व्हीसीडीत एमपेग-1 (व्हिडिओ दाबून भरायची एक पद्धत) असतंय आणि डीव्हीडीच्या नियमात एमपेग-1 याच 352 बाय 288 साइजमधी चालतंय, जसंच्या तसं. अडतंय फक्त आवाजापाशी, व्हीसीडीचा आवाज 44.1 किलोहर्ट्झचा आणि डीव्हीडीला 48 लागतो. म्हणजे आवाज तेवढा बदलायचा, चित्राला हातच लावायचा नाही. पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे चित्र नव्यानं दाबून भरलं, की आधीच मळकं असलेलं चित्र अजून मळकं होतंय, मी दोन्ही शेजारी लावून बघितलं, मायच्या लुगड्याच्या काठाची नक्षी कन्व्हर्ट केलेल्यात पार पुसून गेलती.

डीव्हीडीस्टायलर यासाठीच आवडलं मला. फुकट आहे, शिक्का नाही, विंडोजवर चालतं, लिनक्सवर पण. सुरू केलं की विचारतं, डिस्क किती जीबीची, पाल का एनटीएससी (टीव्हीच्या चित्राचे दोन प्रकार), 4:3 का 16:9 (चित्राची रुंदी-उंची). आपल्याकडच्या जुन्या शूटिंगला पाल आणि 4:3 हेच ठेवा, मी पहिल्या डिस्कला घाईत 16:9 ठेवलं आणि सगळं वऱ्हाड आडवं ताणल्यासारखं झालं, ती डीव्हीडी वाया. सीडीतल्या एमपेगएव्ही फोल्डरमधी एक डॅट फाइल असती, ती व्हीसीडीगिअर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं एमपीजी करून घ्यायची, मग डीव्हीडीस्टायलरमधी खाली ओढून टाकायची, प्रॉपर्टीजमधी व्हिडिओला कॉपी आणि ऑडिओला 48 किलोहर्ट्झवाला पर्याय निवडायचा, झालं. सीडीला दोन तासांऐवजी पाच-सात मिनिटं लागली. तिन्ही सीड्या मिळून दोन जीबीच्या आतच बसल्या, 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर असा सातेक तासाचा माल मावतो, अर्धी डिस्क रिकामीच राहिली.

मेनूचं पण सांगतो. एका फोटोवर फोनमधीच मराठीत हळद, लग्न, पंगत असं मोठ्या अक्षरात लिहिलं, तो फोटो मेनूला मागं लावला आणि त्या त्या शब्दावर बटण ठेवलं. आण्णांना चष्मा न लावता दिसतंय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खराब सीडीत. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमधी, म्हणजे छोट्या कप्प्यात, 2048 बाइट माहिती असती आणि बाकी जागा चुका दुरुस्त करायला ठेवलेली असती, व्हीसीडीत ती जास्तीची दुरुस्ती काढून तिथं व्हिडिओच भरलाय, 2324 बाइट, म्हणूनच 700 एमबीच्या सीडीवर 80 मिनिटं बसतात आणि म्हणूनच चरा पडला की लगेच अडकतंय. मऊ सुती कापडानं मधून कडेकडं सरळ पुसायचं, गोल गोल नाही. आणि वरचं स्टिकर, ज्याच्यावर नवरा-नवरीचा फोटो चिकटवलेला असतोय ना, ते काढायला जाऊ नका! सीडीची चांदी वरच्या बाजूलाच असती, लेबलच्या अगदी खाली, माझ्या हळदीच्या सीडीवरचं स्टिकर एका कोपऱ्याला सुटलं होतं, उजेडाला धरली तर तिथून बोटभर पलीकडचं दिसायलं. तेवढ्यातच मी हात थांबवला म्हणून बरं. माझ्या रायटरनं ती शेवटपर्यंत वाचलीच नाही, सीआरसी एरर (माहिती नीट वाचता येईना असा इशारा) देऊन थांबायचा, मग दोस्ताच्या जुन्या डेस्कटॉपमधी लावली तर तिथं हळूहळू करत निघाली. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असती, एकात नाही झालं तर दोन-तीन ठिकाणी लावून बघा. वीसेक सेकंद गेले, नेमके मामाच्या फेट्यापाशी, पण मायचं गाणं पूर्ण आलं.

लिहिताना डीव्हीडी-आर घ्या, आमच्या जुन्या प्लेअरला प्लसवाली (डीव्हीडी+आर) चाललीच नाही, आणि स्पीड 4एक्स ठेवा. मी चार कोऱ्या घेतल्या, एक गावाला, एक ताईकडं नांदेडला, एक माझ्याकडं. शिवाय एमपीजी फाइली हार्ड डिस्कवर वेगळ्या ठेवल्या. एक सांगतो, विकतच्या सिनेमांच्या डीव्हीडीला कुलूप असतंय, ते हे सॉफ्टवेअर उघडत नाही, हे घरच्या शूटिंगसाठीच धरा.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा यासाठी कापला की कॉपीचा पर्याय प्रॉपर्टीजमधी आत आहे, नवीन माणूस तिथपर्यंत जाणार नाही आणि उगाच तासन्‌तास एन्कोड करत बसंल.

आण्णांनी रात्री लावली, मायचं गाणं आलं तर रिमोटनं मागं घेऊन परत लावलं, तीनदा. आता भाच्याच्या बारशाची सीडी राहिलीय, ती परभणीला मामांकडं आहे, तीपण अशीच नव्या डीव्हीडीवर घ्यायचीय.