विद्युतदाहिनी की साधं दफन?

ताई, काका म्हणतायत मला मातीत ठेवा, वर झाड लावा, आणि घरच्यांना पुण्याच्या वैकुंठ स्मशानातली विद्युतदाहिनी हवीये, म्हणून दोन्ही सरळ मांडते.

हवेचं बघितलं तर दफनात धूर नाहीच. दाहिनीत चितेसारखं ३००-४०० किलो लाकूड जळत नाही हे खरंच मोठं आहे, पण वीज लागतेच आणि आपली बरीचशी वीज कोळशाची, शिवाय दातात चांदी (म्हणजे पारा मिसळलेलं मिश्रण) भरलेली असेल तर त्यातला पारा हवेत जातो.

माती-पाण्याचं मात्र नीट बघ. सुती कापडात, फॉर्मलिन (शव टिकवायचं रसायन) न टोचता, तीन-चार फुटांवर पुरलं तर कुजवणाऱ्या जंतूंना हवा मिळते. पण आपली काळी माती पावसाळ्यात मुठीत दाबली की चिकट गोळा होतो, ती पाणी धरते, कुजणं रखडतं, आणि खाली लगेच मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्यातून पाणी विहिरीकडे. त्यामुळे विहीर-ओढ्यापासून लांब, उंचावरचीच जागा.

शहरात तशी जागा मिळणं अवघड. गावाला जमीन असेल, परवानगी मिळत असेल तर काकांचं ऐका. नाहीतर दाहिनीच बरी, फक्त राख मुठा नदीत नको, क्षार फार असतात म्हणून भरपूर मातीत थोडी थोडी मिसळून झाडाला घाला.