मिथाइल सेल्युलोज की बोहमाइटचं जेल? सिरॅमिक लगद्यासाठी बाईंडर निवडताना

ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पूड नुसत्या पाण्यात कितीही मळली तरी ती डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या साच्याच्या भोकातून, सलग बाहेर येत नाही. दाब वाढला की पाणी पुढे निघून जातं आणि पूड मागे दगडासारखी बसते. पाणी धरून ठेवणारा आणि कणांना बांधणारा पदार्थ, म्हणजे बाईंडर, हवाच.

मिथाइल सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेली पाण्यात विरघळणारी पूड, हाताळायला सोपं. थोडंसंच पुरतं, लगदा गुळगुळीत सरकतो. तापल्यावर ते घट्ट होतं, त्यामुळे वाळताना आकार टिकतो; पण म्हणूनच एक्स्ट्रूडरचा (लगदा डायमधून दाबून काढणाऱ्या यंत्राचा) बॅरल थंड ठेवावा लागतो. खरी परीक्षा भट्टीत. साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसमध्ये ते जळतं, वायू सुटतो. भिंत जाड आणि तापवण्याची घाई असेल तर माल फुगतो किंवा तडकतो. जळून गेल्यावर, कण एकमेकांना भाजून चिकटेपर्यंत, तुकडा अगदी नाजूक असतो.

बोहमाइट हे ॲल्युमिनियमचं, रचनेतच पाणी धरलेलं ऑक्साइड; त्याचं काम वेगळं. पाण्यात थोडं नायट्रिक किंवा ॲसिटिक आम्ल घातलं की त्याचे बारीक कण सुटे होतात आणि मळताना जेल तयार होतं. सगळी मेख आम्लाच्या प्रमाणात आहे. कमी पडलं तर बाहेर येणाऱ्या कांडीच्या कडा करवतीसारख्या फाटतात. जास्त झालं तर लगदा चिकट होतो आणि ठेवल्या जागी आवळत जातो. भट्टीत मात्र हा बाईंडर नाहीसा होत नाही. 450 ते 500 अंशांच्या आसपास पाणी सोडून त्याचं गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनाचंच एक सच्छिद्र रूप) होतं आणि तेच कणांना बांधून ठेवतं. शुद्ध बोहमाइटचं वजन यात 15 टक्के घटतं. नायट्रिक आम्ल वापरलं असेल तर विषारी वायू बाहेर काढण्याची सोय आधी करा, यात तडजोड नको.

जेलची किंमत वाळवताना मोजावी लागते. छिद्रं अतिसूक्ष्म, त्यामुळे पाणी निघताना ओढ जबरदस्त. दमट हवेत, सावकाश वाळवलं नाही तर भेगा ठरलेल्या.

बेंटोनाइट ही बाईंडर म्हणून वापरली जाणारी माती स्वस्त आहे, पण सोबत सिलिका, लोह आणि अल्कली आणते. शुद्धता हवी असेल तर तो विषय सोडा.

माझं मत सरळ आहे. उत्प्रेरकाच्या सच्छिद्र गोळ्या-कांड्या करायच्या असतील तर बोहमाइटच घ्या, कारण तिथे गॅमा ॲल्युमिना हवंच असतं. पातळ भिंतींच्या जाळीदार मालाला मिथाइल सेल्युलोज. मधल्या कामांसाठी बोहमाइटमध्ये चिमूटभर सेल्युलोज घालून पाहा: डायमधली घसरण सुधारते आणि जाळायला फारसं काही उरत नाही.