'नोकरी लागल्यावर पैसे द्या' म्हणाले आणि माझ्या नावावर 1,12,100 चं लोन काढलं

आधी आकडे सांगतो, नंतर राग आला की ते राहून जातील. कोर्सची फी 1,18,000, म्हणजे एक लाख आणि वर 18 टक्के जीएसटी. त्यातले 5,900 मी सीट ब्लॉक करायला यूपीआयने दिले. उरलेल्या 1,12,100 चं माझ्या नावावर लोन, 18 हप्ते, हप्ता 6,228, आणि प्रोसेसिंग फीचे 2,360 वेगळे. डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स, जॉब गॅरंटीसकट. इन्स्टिट्यूट दिवाळीत बंद झालं, लोन मात्र व्यवस्थित चालू आहे.

असले प्रकार कसे चालतात हे सगळ्यांना माहितीये, मलाही होतं. डबा खाताना मीच ऑफिसात बोललेलो की लोक शिकलेसवरलेले असून फसतात कसे. आणि मी काम काय करतो तर अकाउंट्समध्ये आहे, तुर्भ्याला, व्हेंडर लोकांची बिलं तपासतो, कोणी फ्रेटमध्ये, म्हणजे मालवाहतुकीच्या भाड्यात, दोनशे रुपये जास्त लावले तर मी पकडतो. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेय, पण त्याच बॅचमधली निम्मी मुलं पंचविशीच्या आतली होती आणि त्यांच्या नावावर हेच लोन आहे म्हणून लिहितोय.

आता मी तिकडे गेलो का, तर हौस म्हणून नाही. आमच्याकडे बिलं आपोआप वाचून एंट्री करणारं सॉफ्टवेअर आलं, चार जणांचं टेबल होतं तिथे दोघं उरलो, आणि एचआरने सगळ्यांना मेल टाकला की अपस्किल व्हा. कुठे व्हा, कधी व्हा, पैसे कोण देणार, यावर एक ओळ नाही. आम्ही सोडायचं तर नोटीस तीन महिन्यांची आणि त्यांना काढायचं असलं तर एक महिना, अशी आमची अपॉइंटमेंट लेटरं. अशा वेळी रोज ऐरोली स्टेशनला गळ्यात आयकार्ड अडकवून माइंडस्पेस आयटी पार्ककडे जाणारी पोरं बघून माणसाला वाटतंच की आपणही काहीतरी शिकावं. मोबाइलवर जाहिरात आली, फॉर्म भरला, आणि पाच मिनिटांत फोन. फोन इतक्या लवकर येतो तिथेच समजा की तुम्ही त्यांच्यासाठी गिऱ्हाईक आहात, विद्यार्थी नाही.

ऑफिस महापेला, काचेच्या बिल्डिंगमध्ये, आत एसी, भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो आणि खाली 'अवर हायरिंग पार्टनर्स'. (लोगो कोणीही डाउनलोड करून छापू शकतं. त्या कंपन्यांच्या करिअर पेजवर जाऊन एक मेल टाकायचा की हे लोक तुमचे पार्टनर आहेत का. मी टाकला, सगळं झाल्यावर. उत्तर आलं, नाही.) समोर काउन्सेलर मॅडम, असेल तेवीस-चोवीसची. तिने सांगितलं सर, आज ॲडमिशन घेतली तर 1,18,000, उद्यापासून 1,41,600. आणि पैसे तुम्ही द्यायचेच नाहीत, नोकरी लागल्यावर पगारातून द्यायचे, तोपर्यंत इन्स्टिट्यूट भरतं.

आता तो क्षण. मी याच्यावर इतक्या रात्री घालवल्यात की मला तो पाठ झालाय. ती म्हणाली सर फोन द्या, स्टुडंट आयडीचं व्हेरिफिकेशन मी करून देते, नेटवर्क इथे नीट येत नाही. फोन तिच्या हातात. मग म्हणाली कॅमेऱ्याकडे बघा, डोळे मिचकवा, आयकार्डचा फोटो आहे. अहो, आयकार्डच्या फोटोला डोळे कोण मिचकवायला सांगतं! ते लोनवाल्यांचं केवायसी होतं, माणूस जिवंत आहे का ते बघतात. मग आधारचा ओटीपी, मग पॅन, मग बँकेची नेट बँकिंगची स्क्रीन, तिथे ई-मॅन्डेट, म्हणजे दर महिन्याला खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी. आणि शेवटी आणखी एक ओटीपी आला, तो मी तिला वाचून दाखवला. सहा आकडे वाचले. त्या सहा आकड्यांच्या आधी इंग्रजीत सरळ लिहिलेलं होतं की हा ओटीपी लोन ॲग्रीमेंटवर सही करण्यासाठी आहे. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. दोनशे रुपयांचं फ्रेट पकडणारा माणूस मी, आणि एक ओळ.

पण आता कोणी म्हणेल की वाचायचं ना, तर ऐका. फोन माझ्या हातात नव्हता, नोटिफिकेशन वरून खाली आली तेवढी दिसली, ती सतत बोलत होती, शेजारच्या टेबलावर एक काका मुलीची ॲडमिशन करून पेढे घेत होते, आणि आज शेवटचा दिवस ही टांगती तलवार. हे सगळं मुद्दाम असंच मांडलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये डार्क पॅटर्नचे, म्हणजे गिऱ्हाईकाला चकवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांचे, 13 प्रकार काढून त्यांच्यावर बंदी घातली, त्यातला पहिलाच प्रकार खोटी घाई लावणं हा आहे. आणि त्याच प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगवाल्यांसाठी वेगळे नियम काढले, त्यात खात्रीने सिलेक्शन, खात्रीने नोकरी असले खोटे दावे करायला सरळ मनाई आहे. मग महापेला भिंतभर 'जॉब गॅरंटी' लावून माणूस बसतोच कसा? नियम दिल्लीत आहे, भिंत महापेला आहे.

पुढचं पटकन सांगतो. जुलै आणि ऑगस्टचा हप्ता इन्स्टिट्यूटने खरंच माझ्या खात्यात टाकला आणि मग तो कापला गेला, त्यामुळे मी निर्धास्त. ही त्यांची युक्तीच आहे, पहिले दोन महिने भरले की लोन रद्द करायची मुदत कधीच निघून गेलेली असते. क्लासचं म्हणाल तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि शनिवारी एक मुलगा यायचा जो स्वतः आदल्या बॅचचा होता. प्लेसमेंट म्हणून जे कॉल आले ते टेलिकॉलरचे, 12,000 पगार, ठाण्यात वागळे इस्टेटला. नाही म्हटलं तर ॲग्रीमेंटमधलं कलम दाखवलं, दोन ऑफर नाकारल्या की गॅरंटी संपली. अशी कलमं सगळ्यांकडे असतात, 80 टक्के हजेरी, सगळ्या असाइनमेंट, कुठल्याही शहरात जायची तयारी. गॅरंटीचा कागद मागा आणि ती कधी लागू होत नाही तेवढंच वाचा, बाकी वाचू नका.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर हे तीन हप्ते माझ्या पगारातून गेले, 18,684. नोव्हेंबरचा तर ऑफिसला कुलूप दिसल्यावर भरला, सिबिल खराब होईल या भीतीने, कारण घराचं लोन टॉप-अप करायचं होतं. म्हणजे माझे खिशातून 26,944 गेले आणि अजून 13 हप्ते, 80,964, बाकी आहेत. डिसेंबरचा मी जाऊ दिला. बाउन्स झाला त्याचे लोन कंपनीचे 590 आणि बँकेचे 590.

आता मदतीचं ऐका. 1930 ला फोन केला, सायबरवाले म्हणाले पैसे तुमच्या संमतीने गेलेत, हे सायबर फ्रॉडमध्ये बसत नाही. पोलीस स्टेशनला गेलो तर तिथल्या साहेबांनी कागद न बघताच सांगितलं की हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं साहेब, पूर्वी ज्याला चारशे वीस म्हणायचे ते आता न्याय संहितेचं 318 आहे, मी वाचून आलोय. ते म्हणाले वाचून आलायत तर सही करताना पण वाचायचं होतं. यावर काय बोलणार. मग हद्दीचा घोळ, तुम्ही राहता एकीकडे, ऑफिस दुसरीकडे, कंपनीचा रजिस्टर्ड पत्ता तिसऱ्याच राज्यात. मी म्हटलं झिरो एफआयआर असते ना, हद्द कुठलीही असली तरी घ्यावी लागते. तर म्हणाले अर्ज ठेवून जा. अर्जावर शिक्का मारून घेण्यासाठी सुद्धा मला भांडावं लागलं. शिक्का घ्याच, शिक्क्याशिवाय तिथून हलू नका.

1915 ही ग्राहक हेल्पलाइन. बोलतात छान, तक्रार नंबर देतात आणि ती तक्रार कंपनीला पाठवतात. कंपनी बंद आहे म्हणूनच मी तक्रार करतोय आणि तुम्ही ती त्याच कंपनीला पाठवताय! काही दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली. कोणाच्या दृष्टीने निकाली?

आणि लोन कंपनी. त्यांचं म्हणणं एकच, आम्ही फक्त पैसे दिले, इन्स्टिट्यूटशी तुमचा वाद वेगळा. हे सरळ खोटं आहे आणि इथेच सगळे गप्प बसतात म्हणून जोरात सांगतो. आरबीआयच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांत, 2022 च्या आणि मग मे 2025 मध्ये आले त्या निर्देशांतही, लोन देणाऱ्यासाठी गिऱ्हाईक आणून देणारा जो मध्यस्थ असतो त्याने केलेल्या उद्योगांची जबाबदारी लोन देणाऱ्यावरच राहते. ते पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत, थेट इन्स्टिट्यूटला गेले. आणि ज्या टेबलावर माझं केवायसी झालं तिथे लोन कंपनीचाच माणूस बसायचा, फाइलमागे पैसे मिळायचे.

हे मला कोणी सांगितलं, तर त्याच काउन्सेलर मुलीने. ऑफिस बंद झाल्यावर तिचा मेसेज आला, सर सॉरी. महिन्याला 12 ॲडमिशनचं टार्गेट, कमी पडलं तर पगार कापायचे, शेवटचे दोन पगार मिळालेच नाहीत आणि तिची ओरिजिनल मार्कशीट जॉइन करताना एचआरने ठेवून घेतलेली, ती आता कुठे आहे कोणाला माहीत नाही. ओरिजिनल मार्कशीट कुठल्याही कंपनीला देऊ नका बाबांनो, दाखवा आणि परत घ्या. तिला म्हटलं कामगार आयुक्तांकडे जा. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण 'आयकार्डचा फोटो' हे शब्द तिच्याच तोंडचे आहेत आणि ते तिला माहीत होतं, त्यामुळे माफ वगैरे केलेलं नाही. तिने जे सांगितलं ते मात्र लेखी मागून घेतलंय.

ज्या गोष्टीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ती ही. आरबीआयने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढलं, ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे, की प्रत्येक रिटेल लोनला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे लोनचा खर्च आणि अटी थोडक्यात सांगणारा कागद, द्यायचं, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, समजावून सांगून, आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं लोन असेल तर ते स्टेटमेंट किमान तीन कामाचे दिवस वैध राहिलं पाहिजे. तीन दिवस! म्हणजे लोनचा कागद हातात ठेवून घरी जाऊन विचार करायचा हक्क होता मला. वर लोन झाल्यानंतरही दंड न भरता परत करायची थोडी मुदत असते, आताच्या नियमात ती किमान एक दिवस. माझं स्टेटमेंट ईमेलला रात्री 11 नंतर आलं, इंग्रजीत, पासवर्ड लावलेलं. कोणी 'आजच' म्हणालं की की फॅक्ट स्टेटमेंट मागा, मराठीत मागा, आणि चेहरा बघा त्यांचा.

जानेवारीत वसुलीवाले सुरू झाले. नियम आहे की सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. मला साडेसातला फोन, मी उचलला नाही तर रेफरन्स म्हणून दिलेल्या माझ्या डोंबिवलीच्या मेव्हण्याला. त्याने फोन करून विचारलं, भावोजी, काही पैशाची अडचण आहे का, संकोच करू नका. त्याला मीच गेल्या वर्षी बाइकच्या लोनवरून लेक्चर दिलेलं. घरात बायकोला तोपर्यंत एवढंच माहीत होतं की कोर्स चालू आहे, पुढचं सगळं तिला तिच्या भावाकडून कळलं. रेफरन्सला नातेवाईक देऊ नका. आणि अशा कॉलचा स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा, माझ्या हातात आज जे काही आहे ते तेवढंच आहे.

आरबीआय लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, ती परत आली, कारण आधी लोन कंपनीला लेखी तक्रार करून 30 दिवस थांबावं लागतं आणि मी रागाच्या भरात आधीच केलेली. हे तुम्ही करू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, तारीख लिहून ठेवा, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही की मग लोकपाल. फी काही नाही, 14448 वर माहिती मिळते. मी पुन्हा केली आहे, यावेळी स्वीकारली गेलीये.

ग्राहक आयोगाचं मला आधी वाटायचं की वकील, कोर्ट, चकरा. तर 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी शून्य आहे, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचा पत्ता तिसऱ्या राज्यात असला तरी. मुदत दोन वर्षांची. आणि सामनेवाला म्हणून, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, फक्त इन्स्टिट्यूटचं नाव टाकू नका, ते पळालंय, त्याच्याकडून काय मिळणार. लोन कंपनीला दोन नंबरचा सामनेवाला करा आणि निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवायचा अंतरिम अर्ज सोबतच जोडा. एका वकील ओळखीच्याने सांगितलं की सारख्या तक्रारीचे लोक असतील तर कलम 35 खाली आयोगाच्या परवानगीने एकत्रही करता येते.

तेव्हा महापेच्या त्या जून-जुलैच्या बॅचमधले जे कोणी असतील त्यांनी मला मेसेज करा, लाजू नका, माझ्यापेक्षा जास्त लाज तुम्हाला वाटायचं कारण नाही. लोन ॲग्रीमेंट, ओटीपीचे मेसेज, बँक स्टेटमेंट, त्या भिंतीचा फोटो असेल तर तो. इन्स्टिट्यूटची वेबसाइट परवापर्यंत उघडत होती, 'जॉब गॅरंटी'च्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढून घ्या. मी काढलेत, पण फीच्या पानाचा राहिला आणि ते पान काल गेलं.