पुलाखालची शाळा : ठाण्यातील सिग्नल शाळेविषयी अभिप्राय

ठाण्याच्या तीन हात नाक्यावरील उड्डाणपुलाखाली २०१६ पासून भरणाऱ्या सिग्नल शाळेचे आजवर पुष्कळ कौतुक झाले आहे. मात्र त्या कौतुकाचा भर बहुधा दहावीच्या निकालावर आणि रोबोटिक्सवर असतो. माझ्या मते या शाळेचे खरे मोल अभ्यासाच्याही आधी येते. पदपथावर वाढणाऱ्या मुलाला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, तीच माणसे उद्याही भेटतील ही खात्री येथे मिळते.

ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांच्या सहकार्याने ही शाळा मालवाहू कंटेनरमध्ये भरते. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणाऱ्या कुटुंबांतील या मुलांपैकी बरीच पारधी समाजाची आहेत. ज्या समाजावर इंग्रजी अमदानीत कायद्यानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि १९५२ साली तो कागदावरून पुसला गेला तरी लोकांच्या नजरेतून पुरता गेला नाही, त्या समाजाच्या मुलांनी कोणत्याही सरकारी माणसाला पाहून आधी पळ काढावा, यात नवल नाही. एरवी पालिकेची गाडी दिसताच बोचके आवरून पळायचे, आणि येथे तीच पालिका शाळा चालवते! हा विश्वास बसवणे पाढे पाठ करून घेण्यापेक्षा निश्चितच अवघड असते.

म्हणूनच मुलांना येथे आंघोळ, स्वच्छ गणवेश आणि जेवण मिळते, याकडे केवळ सोय म्हणून पाहू नये. गाडीच्या काचेपाशी गेल्यावर हिडीसफिडीस ऐकण्याची सवय झालेल्या मुलाला आपल्याजवळ कोणी आनंदाने बसते, हे आधी अनुभवावे लागते. आई समोरच्याच सिग्नलवर असल्याने मुलाला शिक्षणासाठी तिच्यापासून तुटावे लागत नाही; वसतिगृहात किंवा बालगृहात पाठवलेल्या मुलांच्या वाट्याला येणारी ताटातूट येथे टळते, आणि शाळेची जागा निवडण्यातील ही दूरदृष्टी मला सर्वांत मोलाची वाटते.

उणिवाही आहेत. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या गोंगाटात लहान मुलाचे चित्त स्थिर होणे कठीण आहे. शाळा सुटल्यावर मूल पुन्हा पदपथावरच जाते, तेथील रात्रीची भीती कोणत्याही शिक्षकाला दूर करता येत नाही. घराचा प्रश्न शाळेने सोडवावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. शाळेला आधी विचारावे आणि मुलांची छायाचित्रे काढू नयेत. वाढदिवसाचा केक घेऊन एकदाच येण्यापेक्षा आठवड्यातील एक वार ठरवून वर्षभर गणित शिकवायला येता आले, तर पाहावे. ही मुले पाहुण्यांना चटकन जीव लावतात, आणि माणसे निघून जाण्याचा अनुभव त्यांना आधीच पुरेसा आहे.