लाँग पिंपल रबर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या टेबल टेनिसच्या बॅटला बॅकहँडच्या बाजूने लावलेल्या लाँग पिंपल रबराच्या (ज्याच्या पृष्ठभागावर लांब, लवचिक रबरी खुंट्या, म्हणजे पिंपल्स, असतात) मधल्या भागातले चार पिंपल्स गेल्या आठवड्यात एकाच सामन्यात बुंध्यापासून तुटले आणि ‘वापराने झालेली झीज’ एवढेच कळवून विक्रेत्याने बदली द्यायला नकार दिला, म्हणून हा अनुभव आताच लिहीत आहे. रबराखालचा स्पंज 1 मिलिमीटरचा, फोरहँडला नेहमीचे प्लेन (सपाट) रबर, बॅटचे लाकूड मंद गतीचे आणि खेळ टेबलापासून मागे राहून चॉप करण्याचा, म्हणजे चेंडू वरून खाली कापत परत करण्याचा, एवढी माहिती वाचणाऱ्याला पुरेल.

सुरुवातीला माझे मत प्रतिकूल होते. सरावातले जोडीदार बेताचा टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) करत आणि माझा चॉप त्यांच्याकडे जवळजवळ कोराच, म्हणजे फिरकीविना, पोहोचत असे. मनगट कितीही जोरात मारले तरी बॅकस्पिन (उलटी फिरकी) वाढत नसे. हे रबर फक्त चेंडू परत करते, गुण मिळवून देत नाही, असा निष्कर्ष मी काढला होता. पुढे खरोखर जोरकस लूप (भरपूर टॉपस्पिनचा आक्रमक फटका) मारणाऱ्या खेळाडूंशी नियमित गाठ पडू लागली आणि ते मत पार बदलले. लाँग पिंपल चेंडूला पकडत नाही, वाकतो आणि चेंडूला निसटू देतो. त्यामुळे चेंडूवरची मूळ फिरकी बरीचशी तशीच राहते, चेंडूच्या प्रवासाची दिशा मात्र उलटते, आणि समोरच्याचाच टॉपस्पिन त्याच्याकडे बॅकस्पिन होऊन जातो. प्लेन रबराने तेवढाच बॅकस्पिन द्यायचा तर चेंडूच्या फिरण्यापेक्षा अधिक वेगाने बॅट खाली ओढावी लागते आणि जरा उशीर झाला तरी चेंडू वर उडतो. म्हणजे समोरचा जितका ताकदवान, तितके हे रबर अधिक काम करते, आणि दुबळ्या खेळाडूंसमोर त्याची परीक्षा होऊच शकत नाही. 2014 मध्ये सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा चेंडू आल्यापासून फिरकी काहीशी कमी झाली आणि तिचा फटका बचावात्मक खेळाला बसला, हे खरे आहे. तरीही भरपूर स्पिन असलेल्या लूपवर केलेला चॉप आजही समोरच्याच्या बॅटवरून थेट नेटमध्ये जातो.

मात्र चांगला आक्रमक हे एक-दोन गेममध्ये ओळखतो आणि तिथून खरी लढाई सुरू होते. तो एक जड (भरपूर फिरकीचा) लूप मारतो, माझा चॉप खोल आणि जड जातो, आणि पुन्हा लूप मारण्याऐवजी तो चेंडू नुसता हळुवार पुश करून माझ्या पिंपल्सवर सोडतो. आता येणाऱ्या चेंडूवर बॅकस्पिन असतो. तो पिंपल्सवरून परतताना हलका टॉपस्पिन होतो, किंचित उंच तरंगतो आणि पुढच्याच फटक्यात स्मॅश होतो. यावर मला दोन उपाय लागू पडले. पहिला, पुश येताना दिसताच पुढे सरकून पिंपल्सनेच चेंडू उसळीच्या माथ्यावर सपाट ढकलणे. त्यात वेग फारसा नसतो, पण समोरचा अजून मागच्या लूपच्या पवित्र्यातच असतो. दुसरा, हातातल्या हातात बॅट फिरवून प्लेन रबराने जड पुश करणे. नियमाप्रमाणे एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या उठावदार रंगाची असावी लागते, शिवाय सामन्याआधी बॅट प्रतिस्पर्ध्याला दाखवावी लागते, त्यामुळे फसवणूक रंगाची नसते, वेळेची असते. चेंडू नेट ओलांडत असताना बॅट फिरली तर समोरच्याला रंग दिसतो, पण निर्णय बदलायला वेळ उरत नाही.

दुसरी अडचण कोपरावर येणाऱ्या चेंडूची. ताकदीने मारणारे खेळाडू चॉप करणाऱ्याला कोपऱ्यांत पळवण्यापेक्षा अंगावर मारणे पसंत करतात, कारण तिथे फोरहँड की बॅकहँड हे ठरवण्यातच क्षण जातो. मी आता हा चेंडू नेहमी पिंपल्सनेच घेतो, उजवा पाय मागे घेऊन जागा करतो आणि चॉप शक्य तितका खोल, समोरच्याच्या फोरहँडच्या रुंद कोपऱ्यात देतो. चॉप नेटजवळ आखूड पडला तर सगळे संपते; खोल पडला तर त्याला मागे सरकून खालून चेंडू उचलावा लागतो. लांबीवर असे नियंत्रण ठेवायला या रबराचा 1 मिलिमीटर स्पंज फार उपयोगी पडला. बिनस्पंजाचे रबर टेबलाजवळ ब्लॉक करणाऱ्यांसाठी उत्तम, पण दोन-तीन मीटर मागून त्याने सारखी लांबी राखणे मला जड गेले.

नुसत्या बचावावर मात्र विसंबता येत नाही. 2003 च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा बचावपटू जू सेह्युक अंतिम फेरीपर्यंत गेला तो चॉपच्या जोडीला भेदक फोरहँड होता म्हणून, आणि हाऊ यिंगचाओने 2019 मध्ये वयाच्या 39 व्या वर्षी चीनचे राष्ट्रीय एकेरी विजेतेपद मिळवले तेही चॉपला हल्ल्याची जोड देत. शिवाय 10 मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून 18 गुणही झाले नसतील, तर एक्सपीडाइट नियम लागू होतो: सर्व्हिस स्वीकारणाऱ्याने एका रॅलीत 13 चेंडू परत केले की गुण त्याचा. अशा वेळी सर्व्हिस करणाऱ्या बचावपटूला हल्ला करावाच लागतो, आणि तो पिंपल्सने साधत नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. बाकी सगळे आवडूनही तिच्यामुळे मी या रबराला पूर्ण गुण देऊ शकत नाही. पिंपलच्या उंची-व्यासाच्या गुणोत्तराला 1.1 ची मर्यादा आहे, आणि 2008 पासून घर्षण नसलेल्या पिंपल्सनाही परवानगी नाही. त्यामुळे दोन लाँग पिंपल रबरांमधला फरक मुख्यतः पिंपलचा कडकपणा, बुंध्याचा आकार आणि माथ्याचा पोत यांत उरतो. या रबराचे पिंपल्स मऊ आहेत, म्हणून वाकतात छान, पण ताण सगळा बुंध्यावर येतो. बॅट तिरकी धरून उजेडात पाहिली की बुंध्याभोवती आधी बारीक पांढरी रेघ दिसते, मग अंगठा फिरवताना तो पिंपल शेजाऱ्यांपेक्षा सैल लागतो, आणि मग एखाद्या जड लूपवर तो तुटून पडतो. एक तुटला की शेजारचे अधिक वाकू लागतात आणि तेही जातात. चॉपचे बहुतेक चेंडू त्याच पट्ट्यात लागत असल्याने रबराच्या कडा नव्यासारख्या आणि मधला भाग निकामी, अशी अवस्था होते. चांगले तीन-चतुर्थांश रबर फेकून द्यायचे, याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न पैशांपुरताच नाही. अपघाताने किंवा वापराने झालेला किरकोळ फरक नियमाला चालतो, पण पृष्ठभागाचा गुणधर्म लक्षणीय बदलता कामा नये, आणि तो बदलला की नाही हे ठरवणे पंचांच्या हातात. बॅट वापरण्यायोग्यच राहिली नाही एवढी अपघाताने मोडल्याशिवाय सामन्यादरम्यान बदलता येत नाही. म्हणजे दुसऱ्या गेममध्ये पिंपल्स तुटले तर उरलेला सामना त्याच भोकांसह खेळायचा, आणि मी तो तसाच खेळलो. मधोमध लागलेले चेंडू लांबीला फसत होते.

विक्रेत्याला मी बुंध्याच्या भेगांची छायाचित्रे पाठवली, कडेचे पिंपल्स शाबूत असल्याचेही दाखवले, पण उत्तर बदलले नाही. तरीही पुढचे रबर मी हेच मागवले आहे, कारण जड लूपवर इतका जड चॉप मला दुसऱ्या कोणत्याही रबराने जमलेला नाही. या वेळी मात्र दोन नग घेतले असून दुसरा त्याच जातीच्या लाकडावर लावून स्पर्धेसाठी राखून ठेवणार आहे; नवे पिंपल्स सुरुवातीला ताठ असल्याने त्यालाही आधी थोडा सराव द्यावा लागेल. ज्यांना हे रबर घ्यायचे असेल त्यांनी पाकीट उघडताच मधल्या पट्ट्यातले बुंधे उजेडात तपासावेत आणि पांढरी रेघ दिसली तर चिकटवण्याआधीच परत पाठवावे, कारण एकदा गोंद लागला की परतीची दाद लागणे कठीण आहे.