दोघांचा तंबू, चौदा रात्री आणि चेनचा रनर

अकराव्या रात्री तंबूच्या आतल्या दाराची चेन गेली. रनर पुढे सरकतो, मागे चेन फाकलेलीच. सह्याद्रीत हे चालत नाही. जाळीचं दार नीट लागलं नाही की विंचवाला वाट मोकळी. सर्व्हिस सेंटरने पूर्ण चेन बदलायला सांगितली: १,४०० रुपये, वर दोन्ही वेळचं कुरिअर आपल्या खिशातून. बॅगा दुरुस्त करणाऱ्याने दोन रनर घातले आणि मजुरीसकट ८० रुपये घेतले. चेन तीच आहे, आजही उत्तम लागते. दोष फक्त रनरचा असताना ग्राहकाच्या माथी अख्खी चेन मारणं मला अजिबात पटलेलं नाही.

बिघाड ओळखणं सोपं आहे. नायलॉनचा वेटोळा (चेनचे दात म्हणजे हाच) कुठे तुटलेला किंवा उसवलेला नसेल आणि तरी रनरमागे चेन उघडी पडत असेल, तर रनर झिजलाय. गडावरची बारीक माती त्यात शिरते, आतली खाच घासून रुंद होते आणि दोन्ही बाजू एकमेकींत दाबल्या जात नाहीत. मुक्कामावर तात्पुरता इलाज छोट्या पक्कडीचा. रनर चेनच्या सुरुवातीला न्यायचा. लागलेली चेन ज्या टोकातून बाहेर पडते, तिथल्या डाव्या-उजव्या कडा आळीपाळीने किंचित दाबायच्या, चालवून बघायचं, गरज पडली तर पुन्हा किंचित. एकदम जोर लावलात तर रनर अडकतो किंवा तडकतो. दाबलेल्या रनरवर फार दिवस विसंबू नका, घरी आल्यावर बदलाच. बदलताना रनरच्या पाठीवर कोरलेला नंबर जुळवा (या तंबूत आतल्या दारांना ५, फ्लायला म्हणजे बाहेरच्या पावसाळी आवरणाला ८). वेटोळा वरच्या अंगाला आहे की खालच्या, हेही दुकानात दाखवा, कारण दोन्हींचे रनर वेगळे येतात. चेनच्या टोकाची दोन सेंटिमीटर शिलाई उसवली की काम होतं, पण दोन्ही पट्ट्या रनरमध्ये एकाच पातळीवर गेल्या पाहिजेत, नाहीतर दाराला कायमची सुरकुती पडते.

आधी मी या चेनलाच हलकी म्हणत होतो. तो शेरा मागे घेतो. आम्ही दार उघडं ठेवून चारही कोपरे ताणायचो आणि मग जोर लावून चेन ओढायचो. ताणलेल्या वळणावर रनर तिरका चालतो आणि एका कडेने झिजतो. दारं बंद करूनच कोपरे ताणायचे. नंतर कधीही चेन लावताना दुसऱ्या हाताने दोन्ही कडा जवळ धरायच्या. परत आल्यावर जुन्या टूथब्रशने, साध्या पाण्याने चेन धुवायची. खोबरेल लावू नका, माती आणखी चिकटते.

बाकी तंबू चांगला आहे. हरिश्चंद्रगडासारख्या कातळावर पेग (तंबूचे खुंटे) जातच नाहीत, वाकतात. तिथे दोरीच्या फासात आडवी जाड काठी घालायची, काठी मागे ओढून दोरी ताठ करायची आणि दोरीवर, काठीला टेकवून, डोक्याएवढा दगड ठेवायचा. दगड उचलण्याआधी बुटाने उलटा करा, खाली विंचू असू शकतो. तंबू लावायला परवानगी आहे का, हे निघण्याआधीच वनखात्याकडे विचारून घ्या.

दव हा थंडीतला खरा त्रास. दोघांच्या श्वासाची वाफ फ्लायला आतून धरते आणि पहाटे टपकते. दोन्ही वरच्या खिडक्या आणि फ्लायच्या दाराचा वरचा वीतभर भाग उघडा ठेवला की निम्मा फरक पडतो. ओला तंबू पिशवीत तसाच राहत गेला तर कापडावरचं पाणी अडवणारं कोटिंग हळूहळू चिकट होतं, वास मारतं, शिवणीवरची टेप सुटते. त्याच दिवशी सावलीत वाळवा.

रुंदी १३० सेंटिमीटर. ५१ सेंटिमीटरच्या दोन मॅट घातल्यावर मध्ये वीतभर उरते, सॅक बाहेर फ्लायखाली. कितीही जवळचा मित्र असला तरी दोन दारांचाच घ्या. एकच दार असेल तर रात्री उठणारा दुसऱ्याच्या अंगावरून जातो. दोन दारं म्हणजे आत चार रनर, हे मान्य आहे, तरीही.

ओझं वाटताना पोल एकाकडे आणि कापड दुसऱ्याकडे ही पद्धत आम्ही सोडली. धुक्यात मागे-पुढे झालं तर दोघांकडेही निवारा नाही. आता एकाकडे पूर्ण तंबू, २.६ किलो, दुसऱ्याकडे स्टोव्ह, गॅस, शिधा आणि जास्तीचं दोन लिटर पाणी. दुरुस्तीची पुरचुंडी मात्र तंबूच्याच पिशवीत: छोटी पक्कड, ५ आणि ८ नंबरचे दोन-दोन रनर, जाड सुई, नायलॉनचा दोरा. दुसऱ्या दाराचे रनर अजून मूळचे आहेत. पावसाळा संपायच्या आत तेही बदलून घेणार आहे.